जी७ च्या जागी डी फ्लॅट ७: कुठं चालतो, कुठं खटकतो?

परभणीकर: हार्मोनियमवरून कीबोर्डवर आलोय. जॅझ स्टँडर्डमध्ये (नेहमी वाजवल्या जाणाऱ्या जॅझ गाण्यांत) डी मायनर ७, जी७, सी मेजर ७ हे कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) लागोपाठ आले की जी७ काढून डी फ्लॅट ७ टाकतो. कुठं झकास वाजतं, कुठं चाल कॉर्डशी भांडते. कामून?

नांदेडी कीबोर्ड: पांढरी एकला (म्हणजे सी ला) सा धरा. जी७ म्हणजे प नी रे म. डी फ्लॅट ७ म्हणजे कोमल रे, म, कोमल ध, नी. म आणि नी दोन्हींत आहेत, सा कडं ओढ त्यांचीच, म्हणून अदलाबदल जमते. आता चालीचा सूर बघा. प असला तर उत्तम, तो शार्प ११ (कॉर्डच्या मूळ सुरापासूनचा अकरावा, अर्धा सूर चढवलेला) होतो. शुद्ध रे लांबला तर मात्र खालच्या कोमल रे शी घासतो. तिथं जी७ च ठेवा. लांबलेला सा नी शी घासतो, पण तो जी७ वरही घासतोच.

लातूर बेस: डाव्या हातात गर्दी नको दादा. खाली कोमल रे, वर म-नी, बास. बेस रे, कोमल रे, सा असा उतरू द्या. बेसवाल्याला आधी सांगा. त्यानं जी धरला तर ऐकणाऱ्याला जी७ च ऐकू येतो.

परभणीकर: आणि रे बारच्या (चार मात्रांच्या खणाच्या) सुरुवातीलाच असला तर?

नांदेडी कीबोर्ड: बार वाटून घ्या. दोन मात्रा जी७, दोन मात्रा डी फ्लॅट ७. फक्त रे तिसऱ्या मात्रेच्या आत संपतो का ते तपासा.