पहिलीच्या मुलांना मराठी वाचन: बाराखडी आधी की आवाज आधी?

माळावरची_शाळा
बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा, पहिली-दुसरी माझ्याकडे. यंदा इंग्रजीला फोनिक्स सुरू केलं. एस, ए, टी, पी, आय, एन एवढीच अक्षरं घेतली, नावं न सांगता नुसते आवाज. ते जोडत पोरं 'सॅट', 'पिन', 'टॅप' वाचायला लागली. तीच पोरं मराठी बाराखडी घडाघड म्हणतात, आणि फळ्यावर 'नाक' लिहिलं की माझ्या तोंडाकडे बघतात. मधेच 'कू'वर बोट ठेवलं तर 'क'पासून म्हणत यावं लागतं.

माझी घाई वेगळी आहे. शाळा जूनमध्ये भरते आणि दिवाळीच्या आसपास निम्मा वर्ग आईबापांबरोबर कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जातो, तो मार्च-एप्रिलमध्ये परततो. आधी मुळाक्षरं, मग बाराखडी, मग शब्द या क्रमाने गेलं तर ही पोरं शब्दांपर्यंत पोचायच्या आतच गाडीत बसतात. जायच्या आधी त्यांना चार ओळी तरी स्वतःच्या स्वतः वाचता याव्यात असं फार वाटतं. मराठीला हे चालतं का? कुणी केलंय का? अक्षरं कोणती आधी घ्यायची?

निवृत्त_गुरुजी
मॅडम, चालतं. माझी बहुतेक नोकरी पहिलीच्या वर्गावर गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळी मुळाक्षरं संपायची वाट बघू नका. म, क, न, ल आणि काना एवढ्यावर मामा, काका, नाना, लाल, कान, नाक, काम, नाला होतात. त्यातही मामा, काका आधी, कारण तिथे लिहिलंय तेवढंच बोललं जातं. 'नाक'मध्ये शेवटच्या 'क'तला अ आपण गिळतो. पोरगं 'ना... क' म्हणून थांबेल, तेव्हा 'आता जवळ आणून म्हण' एवढंच सांगा. अंकलिप्यांत 'कमळ', 'बदक' असे बिनकान्याचे शब्द आधी देतात. दिसायला सोपे, पण सुटी तीन अक्षरं वाचून त्यातून शब्द ऐकू येणं सहा वर्षांच्या मुलाला अवघड असतं. ते थोडे उशिरा घ्या.

मग दीर्घ वेलांटी: मी, काकी, मामी. ऱ्हस्व वेलांटी मागे ठेवा. ती डोळ्यांना अक्षराच्या आधी दिसते आणि तोंडात नंतर येते. च, ज, झ तर आणखी मागे. 'चाक' आणि 'चार' यांतला च एकच लिहितो, बोलतो वेगळा. वाचताना 'क ला काना का' म्हणू देऊ नका. तेवढ्यात शब्दाचं पुढचं टोक निसटतं.

आणि एक कळकळीने सांगतो. तुमची मुलं 'पाणी' बघून 'पानी' म्हणाली तर ते वाचन बरोबर धरा. घरची बोली आहे ती. पहिल्याच वाक्याला टोकलं की पोरगं पुन्हा तोंड उघडत नाही. फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी मराठी वाचन-लेखनावर जे काम केलं त्यातही मुलाच्या बोलीला मान आहे. शक्य झालं तर तिथली शाळा बघून या.

लेस्टरची_आई
माझी मुलगी इथे इंग्लंडमध्ये पहिलीत आहे. वाचन कसं शिकवावं यावर सरकारने मागवलेल्या २००६ च्या रोझ अहवालानंतर इथे फोनिक्सवर भर आला आणि २०१२ पासून पहिलीच्या मुलांची जूनमध्ये छोटी चाचणी होते. शिक्षिका एकेका मुलाला जवळ बसवून ४० शब्द वाचायला देते. त्यातले २० निरर्थक असतात, शेजारी काल्पनिक प्राण्याचं चित्र. पाठांतर किंवा अंदाज तिथे चालतच नाही, आवाज जोडावेच लागतात. तुम्हीही 'मकाली', 'लानमी' असे शब्द देऊन बघा. कोण वाचतंय आणि कोण आठवून म्हणतंय ते लगेच कळेल.

इंग्रजीत २६ अक्षरं आणि साधारण ४४ आवाज. 'फ' एफनेही होतो, पीएचनेही. मराठीत एवढी ओढाताण नाही, म्हणून तुमची मुलं लवकर पुढे जातील असं मला खरंच वाटतं.

गोष्टीवेल्हाळ
निरर्थक शब्द तपासायला ठीक, शिकवायला नकोत. ज्यांच्या घरात एकही पुस्तक नाही त्यांना वाचन कशासाठी असतं हे आधी दिसू दे. रोज एक गोष्ट तुम्ही मोठ्याने वाचून दाखवाच. आणि मुलांनी सांगितलेली वाक्यं त्यांच्याच शब्दांत फळ्यावर लिहा.

निवृत्त_गुरुजी
गोष्टीला पूर्ण पाठिंबा. पण फळ्यावरचं वाक्य पाठ होतं आणि वाचल्यासारखं वाटतं. वाक्य लिहा, मग त्यातला शिकवलेल्या अक्षरांचा एखादा शब्द वेगळा काढून दुसऱ्या कोपऱ्यात लिहा आणि तिथे वाचून घ्या.

माळावरची_शाळा
सगळ्यांचे मनापासून आभार. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर म, क, न, ल आणि कान्याची कार्डं करतेय. गुरुजी, पुढच्या गटात र, त, प, स घेतले तर बरं का? 'ताई', 'आई', 'ऊस' लवकर यावेत असं वाटतं, पोरांच्या तोंडी तेच शब्द असतात. आणि रफाराचं काय करू?

निवृत्त_गुरुजी
र, त, प, स बरोबर आहेत. त्यांच्यासोबतच आ, ई, ऊ ही सुटी अक्षरं द्या, म्हणजे हे तिन्ही शब्द होतील. रफार आणि बाकीची जोडाक्षरं दुसरीत. कोयत्यावर जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पिशवीत कार्डांचा एक संच आणि शिकलेल्या अक्षरांतच लिहिलेली चार पानं द्या. घरात मोठी बहीण शिकलेली असेल तर तिला बोलावून एकदा दाखवून ठेवा.