खिडक्यांचं काय?

कोरोनाच्या काळात गेटवर ताप मोजला, हातावर सॅनिटायझर टाकलं की शाळा सुरक्षित, हे मत मला अर्धवट वाटतं. कोरोना मुख्यतः हवेतून पसरतो. लक्षणं दिसण्याच्या आधीही पसरतो, तेव्हा ताप मोजणारी ती बंदूक त्याला कशी पकडणार? बाकं पुसण्यावर खर्च करण्यापेक्षा हवेकडे बघा.

पेठांतल्या जुन्या शाळांना उंच छत, समोरासमोर खिडक्या, वर झरोके. हे फुकटचं वरदान आहे. पण रस्त्याकडच्या खिडक्या हॉर्नच्या आवाजापायी बंद, आणि आतल्या बाजूच्या खिडकीला कपाट टेकवलेलं! आधी ते कपाट हलवा. उपनगरातल्या एसी वर्गांची गत याहून वाईट, तीच हवा फिरत राहते. हवा खेळते का ते कळायला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र मिळतं. बाहेर साधारण ४०० पीपीएम (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४०० भाग) असतं. वर्गात आकडा हजारापुढे जायला लागला तर दारं-खिडक्या उघडायच्या. डिसेंबरच्या थंडीत मुलं कुडकुडतील, तर स्वेटर घालू द्या, गणवेशाचा बाऊ नको.

डबा मात्र मैदानात किंवा गच्चीवर, कारण मास्क लावले तरी तेव्हा उतरतातच. आणि रिक्षाकाकांच्या रिक्षात कोंबलेली मुलं? त्याबद्दल शाळा एक शब्द काढत नाहीत.

शाळांच्या सरसकट बंदीला माझा विरोध आहे. मार्च २०२० मध्ये बंद झालेल्या शाळा, मध्ये काही ठिकाणी वरचे वर्ग थोडे दिवस भरले ते सोडता, शहरात ऑक्टोबर २०२१ मध्ये उघडल्या, त्याही आठवीपासून पुढे. पहिलीतल्या पोराने तेव्हा मोबाईलवर अक्षरं गिरवायची कशी?