सोलापूरच्या पाहुण्यांना ठाणं दाखवायचं की गेट वे?

नौपाडा तिसरा मजला (धागाकर्ता)

धाकटी बहीण, दाजी, दोन भाचरं आणि बहिणीच्या सासूबाई. पाच माणसं फेब्रुवारीत सिद्धेश्वर एक्स्प्रेसने पहाटे ठाण्याला उतरणार, तीन दिवस राहणार. दाजींची यादी व्हॉट्सॲपवर आधीच येऊन पडली आहे: गेट वे, राणीची बाग, मरीन ड्राइव्ह, सिद्धिविनायक. बायकोने ती वाचून "बरोबर आहे" म्हटलं. मी म्हटलं, दोन दिवस ठाणं, उरलेला एक मुंबई. तेव्हापासून घरात शांतता आहे.

माझं म्हणणं असं, की आपण ज्याला मुंबईच्या अलीकडचं स्टेशन समजतो ते मुंबईच्या आधीचं बंदर आहे. शिलाहार राजांचं श्रीस्थानक ते हेच. मार्को पोलोने तेराव्या शतकाच्या शेवटाला 'ताना'बद्दल लिहून ठेवलंय: इथून कातडं आणि सुती कापड जातं, सोनं, चांदी, तांबं येतं, आणि इथल्या राजाचा चाच्यांशी करार आहे, लुटीतले घोडे राजाचे, बाकी माल तुमचा. (हप्त्याची पद्धत किती जुनी बघा.) १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन साधू इथे मारले गेले, त्याची कहाणी युरोपभर झाली. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये किल्ला बांधायला घेतला, तो पुरा व्हायच्या आत १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला, १७७४ मध्ये इंग्रजांनी. त्याच किल्ल्याच्या तुरुंगातून १८१६ मध्ये पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे निसटले आणि १९१० मध्ये जॅक्सनच्या वधासाठी अनंत कान्हेरे, कर्वे, देशपांडे तिथेच फासावर गेले. आगगाडीचं तर सांगायलाच नको. गेट वे १९२४चा. आपल्याकडे १८५३ मध्ये रेल्वे आली त्याला तेव्हा एकाहत्तर वर्षं झाली होती.

बेत असा: पहिल्या दिवशी कौपिनेश्वर, तलावपाळी, सेंट जॉन चर्च, सिव्हिल हॉस्पिटलजवळचं १८७९चं सिनेगॉग बाहेरून, किल्ल्याची भिंत. दुसऱ्या दिवशी घोडबंदरचा किल्ला आणि ऐरोलीहून खाडीत बोट. मत द्या. शिव्या चालतील, पण कारणासकट.

लोकलची खिडकी

कारणासकट घ्या. तुमचा किल्ला आज मध्यवर्ती कारागृह आहे. तो आतून बघायचा तर गुन्हा करावा लागेल, आणि सासूबाईंचं वय झालं असणार. उरलं काय? देऊळ आणि तळं. आता जरा आठवा, पाहुणे कुठून येताहेत. सोलापूर! तिथे सिद्धेश्वराचं अख्खं देऊळ तळ्यात उभं आहे आणि शेजारी भुईकोट किल्ला आहे, ज्यात तिकीट काढून आत जाता येतं. त्यांना रात्रभर गाडीत बसवून आणून तुम्ही तळ्याकाठचं महादेवाचं देऊळ दाखवणार? त्यांच्याकडे नाही ते काय, तर समुद्र. तो दाखवा.

मार्को पोलो, शिलाहार, फ्रान्सिस्कन, सगळं कबूल. पण ते तुमच्या डोक्यात आहे. पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर रिक्षांची रांग असणार.

नौपाडा तिसरा मजला

सिद्धेश्वराचा मुद्दा लागला. हा माझ्या ध्यानातच आला नव्हता. पण कौपिनेश्वराची पिंड बघितली आहे का तुम्ही? माणसाएवढी आहे. देऊळ १७६०च्या सुमाराचं, सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी बांधलेलं. म्हणजे पोर्तुगीज गेल्यावर वीस-पंचवीस वर्षांत. चर्चपासून चालत पाच मिनिटं. सत्ता बदलली की तळ्याकाठी काय काय बदलतं, ते पाच मिनिटांत पायी दिसतं. भुईकोटात ते कुठे?

कल्याणचा जुना बाजार

बंदराचीच गोष्ट निघाली म्हणून. ठाणं थोर आहेच, पण तुमचं श्रीस्थानक शिलाहारांच्या वेळेला नावारूपाला आलं. कल्याण इसवीसनाच्या पहिल्या शतकात ग्रीक खलाशांच्या माहितीपुस्तिकेत, 'पेरिप्लस'मध्ये, नावानिशी आहे. कान्हेरीच्या लेण्यांत दानाचे शिलालेख आहेत, त्यात कल्याणचे व्यापारी आहेत. महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण घेतलं आणि आरमाराचं काम इथल्या खाडीत सुरू झालं. पाहुण्यांना बंदर दाखवायचं तर खाडीकाठच्या दुर्गाडी किल्ल्यावर या. आणि शिलाहार डोळ्यांनी बघायचे तर अंबरनाथला जा. १०६०चं देऊळ, कोरीवकाम बघत दोन तास सहज जातात.

लोकलची खिडकी

झालं. पाहुणे येणार ठाण्याला, बघणार अंबरनाथ. पुढचा प्रतिसाद नालासोपाऱ्याहून येईल, "आमच्याकडे अशोकाचा शिलालेख सापडला" म्हणून.

नालासोपारा पूर्व

सापडलाच आहे. १८८२ मध्ये, भगवानलाल इंद्रजींना. स्तूपही आहे. पण मी काही म्हणत नाही, आम्ही आता पालघर जिल्ह्यात.

घोडबंदर रोडचा कैदी

इतिहास नंतर. ज्याने कुणी फेब्रुवारीतल्या शनिवारी पाच पाहुण्यांना घेऊन घोडबंदर रोडने जायचं ठरवलंय, त्याने आधी एकटं जाऊन बघावं. मेट्रोचं काम, खड्डे, गायमुखचा घाट. माजिवड्याहून निघालात की किती वाजता पोचाल ते देवाला माहीत. आणि बारीक गोष्ट, पण तो किल्ला ठाणे महापालिकेत नाही, मीरा-भाईंदरमध्ये आहे. म्हणजे तुमच्या 'ठाणं दाखवतो'मधला अर्धा दिवस दुसऱ्याच गावात.

तरी एक सांगतो. पहाटे सहाला निघालात तर जा. वरून उल्हास नदीची खाडी वळताना दिसते आणि समोर मान वर करून डोंगर. अरबी घोडे इथे उतरायचे म्हणून घोडबंदर, असं सांगतात. तिथे उभं राहिलं की ते खरं वाटतं. सातनंतर निघणार असाल तर झोपा.

दोन बाथरूमवाली

राहायचं कुठे हे अजून कुणी विचारलं नाही, कारण इथे सगळे पुरुष लिहिताहेत. धागाकर्ते, घर केवढं आहे? वन बीएचके असेल तर पाच पाहुणे, तुम्ही दोघं आणि एक संडास. पहाटे गाडीतून उतरल्यावर पहिलं ऐतिहासिक स्थळ तेच.

सरळ सांगते, स्टेशनजवळ किंवा पाचपाखाडीत हॉटेलात एक खोली घ्या. घोडबंदर रोडला खोल्या मोठ्या मिळतात, खाली जलतरण तलाव असतो, पोरं खूश होतात, पण वर कैद्याने लिहिलंय ते वाचा. येऊरच्या बंगल्यांचा विचारही करू नका, म्हातारं माणूस बरोबर आहे आणि शनिवारी रात्री तिथे गाणी लागतात. खोली ठरवताना लिफ्ट आहे का आणि कमोड आहे का, एवढं विचारा. फोटोत फक्त उशा असतात.

सदाशिव काका, पाचपाखाडी

सख्ख्या बहिणीला हॉटेलात ठेवायचं? आमच्या वेळी दहा बाय दहाच्या खोलीत अकरा माणसं झोपायची. पाहुणे परत जायच्या आधी ही बातमी सोलापुरात पोचेल.

दोन बाथरूमवाली

काका, त्या अकरा माणसांचा चहा कोण करायचं?

नौपाडा तिसरा मजला

वन बीएचकेच आहे. बायकोने हा प्रतिसाद दोनदा वाचला. ठरलं: बहीण आणि सासूबाई घरी, दाजी आणि पोरं हॉटेलात. बहिणीला विचारलं, ती म्हणाली "बरं झालं, घोरणं ऐकायला नको". बातमी गेली तर जाऊ दे.

चेंदणीची पोर

सगळं वाचलं. बंदर बंदर म्हणताय आणि एकानेही कोळीवाड्याचं नाव घेतलं नाही. ज्यांचं बंदर ते आम्ही अजून इथेच आहोत. रेल्वेने चेंदणी कोळीवाडा मधोमध चिरला, अर्धा पश्चिमेला, अर्धा पूर्वेला. तुमच्या त्या १८५३च्या गौरवशाली गाडीची आमच्याकडची बाजू ही.

पाहुण्यांना मीठबंदरला न्या, पूर्वेला. होड्या आहेत, जाळी आहेत, खारफुटी आहे. नारळी पौर्णिमेला आला असतात तर मिरवणूकही दिसली असती. आणि फुकटची खाडी-सफर हवी असेल तर ठाण्याहून कळव्याची लोकल पकडा, दारात उभं राहा. १८५४ मध्ये गाडी पहिल्यांदा खाडी ओलांडून कल्याणला गेली ती इथूनच. रोज हजारो लोक हे बंदर ओलांडतात आणि मोबाइल बघतात.

खायचं म्हणाल तर स्टेशनच्या मिसळीवर थांबू नका. निवट्या, खाडीची कोलंबी, चिंबोऱ्यांचं कालवण आणि तांदळाची भाकरी. खाडी घाण झाल्यापासून मासळी कमी झाली हे खरंय, माझा बाबा रोज तेच बोलतो. तरी बाळकुम, कोलशेतकडे आगरी घरगुती जेवण चांगलं मिळतं. पाहुणे खातात का ते विचारा आधी.

नौपाडा तिसरा मजला

सासूबाई माळकरी, दाजी मटणवाले, पोरं फक्त नूडल्स.

लोकलची खिडकी

मग एका टेबलावर बसवूच नका. दाजींना मामलेदारची मिसळ द्या, कित्येक वर्षांपासून चालू आहे, जुनं ठाणं तेवढं एकच आहे जे चवीला लागतं. सासूबाईंना कमी तिखट सांगा.

अक्कलकोट रोड

मी मूळचा तिकडचा. सोलापूरच्या माणसाला "तिखट लागेल हं" असं बजावू नका. शेंगाचटणीवर वाढलेली माणसं आहेत. तुमची तिखट मिसळ खाऊन दाजी विचारतील, "मिरची कधी टाकणार?"

ऐरोली सेक्टर आठ

बोटीबद्दल. किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटी सुटतात, पण तुम्हाला वाटेल तेव्हा नाही, भरतीच्या वेळेप्रमाणे. आज सकाळी आठ तर आठवड्याने दुपार. बुकिंग आधी करा, सुट्टीच्या दिवशी जागा लवकर भरतात. फेब्रुवारी म्हणजे ऐन मोसम, रोहित पक्षी असणारच. या खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा मान, मिळालाय. माझं मत विचाराल तर किल्ला, देऊळ, चर्च सगळं राहू दे, एवढी एक बोट करा. पोरांना दुसरं काही लक्षात राहणार नाही.

नौपाडा तिसरा मजला (पाहुणे गेल्यानंतर)

अहवाल देतो. लपवत काही नाही.

सासूबाई कौपिनेश्वराच्या गाभाऱ्यात बराच वेळ उभ्या राहिल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "देव मोठाय, पण जागा लई कमी दिली." चर्चच्या आवारात पोरांनी फोटो काढले. सिनेगॉगपाशी भाचीने विचारलं, "ज्यू म्हणजे इतिहासाच्या पुस्तकातले?" मी म्हटलं, बेने इस्रायल, शनिवारी तेल्याचं काम बंद ठेवायचे म्हणून कोकणात त्यांना शनवार तेली म्हणायचे, आणि घरी मराठीच बोलतात. यावर ती खरोखर थबकली. तुरुंगाच्या भिंतीशी दाजी एक मिनिट उभे राहिले, कान्हेऱ्यांचं सांगितल्यावर चप्पल काढून नमस्कार केला. मिसळीबद्दल अक्कलकोट रोडवाल्यांचं भविष्य शब्दशः खरं ठरलं.

घोडबंदर रद्द. पहाटे सहाला कुणीही उठलं नाही.

बोट हुकली. चूक सर्वस्वी माझी. बुकिंग 'उद्या करू' म्हणत राहिलो आणि शनिवारी एकही जागा नव्हती. मग मीठबंदरला नेलं. ओहोटी. पाणी कुठेतरी लांब चकाकत होतं, अलीकडे सगळा काळा चिखल, त्यात दोन होड्या एका अंगावर कलंडलेल्या. भाचा म्हणाला, "मामा, बंदर कुठंय?"

लोकलची खिडकी

यावर मी काही बोलणार नाही. फक्त माझा पहिला प्रतिसाद परत वाचा.

चेंदणीची पोर

काका, भाच्याला तो चिखल दाखवूनच सांगायचं होतं ना! बंदर गेलं कुठे याचं अर्धं उत्तर तोच गाळ आहे. पोर्तुगीजांचा कारभार वसईकडे गेला, इंग्रजांना मुंबईला खोल पाणी मिळालं, गलबतं मोठी होत गेली आणि इथे गाळ साचत गेला. भरतीला आला असतात तर पाणी बघून "छान" म्हणून निघून गेला असतात. आणि होड्या कलंडलेल्या नव्हत्या, टेकवून ठेवल्या होत्या. सहा तासांनी त्याच निघतात.

कल्याणचा जुना बाजार

दुर्गाडीवर आला असतात तर.

लोकलची खिडकी

ते राहू दे. तिसऱ्या दिवशी गेट वेला गेलात की नाही?

नौपाडा तिसरा मजला

गेलो. लाँचमध्ये बसलो, पोरांनी पक्ष्यांना चिप्स टाकले, बायको खूश. दाजी कठड्यावरून बराच वेळ खाली बघत होते. मग मला म्हणाले, "भावजी, हे पण तुमच्या त्या चिखलाच्याच रंगाचं पाणीय की."