मदत हवी आहे: ठासणीच्या बंदुकीचा घोडा केपावर सरळ बसत नाही

नमस्कार मंडळी,

गेल्या हिवाळ्यात सुट्या भागांची पेटी आणून एक ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायची बंदूक जोडली. हॉकेन धाटणीची, ०.५० इंची नळी, केपावर (फटका बसला की पेटणारी तांब्याची छोटी टोपी) चालणारी, लाकूड नळीच्या निम्म्यापर्यंतच. मूळ हॉकेन म्हणजे सेंट लुईसच्या जेकब आणि सॅम्युएल या भावांच्या बंदुका. माझी ही आजची नक्कल. मी अमेरिकेत सिनसिनाटीजवळ राहतो. इथून जवळच इंडियानात फ्रेंडशिप नावाचं खेडं आहे. १९३३ साली स्थापन झालेली ठासणीवाल्यांची राष्ट्रीय संस्था तिथे जून आणि सप्टेंबरमध्ये स्पर्धा भरवते. यंदाच्या सप्टेंबरात तिथे ही बंदूक घेऊन उभं राहायचं मनात आहे.

अडचण घोड्याची, म्हणजे चाप दाबला की केपावर आपटणाऱ्या भागाची आहे. घोडा पडतो तेव्हा निपलच्या (केप जिच्यावर बसवतात ती छोटी पोकळ नळी) मधोमध न बसता बाहेरच्या बाजूला, म्हणजे नळीपासून दूर, साधारण दीड मिलीमीटर सरकून बसतो. त्यामुळे घोड्याच्या तोंडातल्या वाटीचा आतला काठ केपाच्या कडेवर आपटतो. दहातले तीन केप पहिल्या फटक्याला उडत नाहीत. जे उडतात त्यांच्या चिंध्या होतात आणि तांब्याचे कण बाहेर येतात. एक कण चष्म्याच्या काचेवर आदळला, तेव्हापासून नेमबाजी बंद ठेवली आहे. निपलची नळीकडची कडही चेपायला लागली आहे.

आतापर्यंत लॉक (घोडा आणि स्प्रिंग बसवलेली यंत्रणा) काढून स्वच्छ केलं, घोड्याचा स्क्रू घट्ट केला, निपल नवीन लावलं. फरक शून्य. क्लबातले एक जण म्हणाले, "व्हाइसमध्ये धर आणि हातोडीने वाकव." हात धजावला नाही.

इथे विचारतोय कारण टूलरूममधली, फोर्जिंगमधली बरीच मंडळी इथे लिहितात. शिवाय या वस्तूचे शब्द माझ्याकडे मराठीतच आहेत. सावंतवाडीकडच्या आमच्या घरी आजोबांकडे शेतसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. घोडा, चाप, दारू ठासायचा गज, केप हे सगळं मी त्यांच्याच तोंडून ऐकलेलं.

घोडा थंडच वाकवावा की तापवून? की दोष आणखी कुठे आहे?

प्रतिसाद – ऐरण

थंड अजिबात वाकवू नका. अशा पेट्यांमधले घोडे बहुतेक ओतीव असतात आणि वरून कडक केलेले. थंड वाकवलात तर मानेतून तुटेल, किंवा तडा जाईल आणि तो तुम्हाला दिसणारही नाही. दुसरा प्रकार वाईट, कारण तो पुढे केव्हातरी फटक्यात सुटेल.

पण वाकवण्याचा विचार त्याआधीच थांबवा. घोडा वाकडा आहे हे तुम्ही गृहीत धरलंय. तो सरळ असून भलत्या जागी उभा असेल तर?

नळीत गज टाकून ती रिकामी आहे याची खात्री करा. मग घोडा पूर्ण चढवून दोन बोटांनी आत-बाहेर हलवून बघा. हलत असेल तर टम्बलरचं (लॉकमधला घोड्याला फिरवणारा भाग) चौकोनी टोक आणि घोड्याचं चौकोनी भोक यांचा मेळ सैल आहे, आणि सैल घोडा कितीही वाकवला तरी रोज वेगळ्या जागी पडेल. हलत नसेल तर लॉकची पट्टी लाकडातल्या खाचेत पूर्ण बसली आहे का ते पाहा. पट्टी बाहेर राहिली की तिच्यावरचा घोडाही तेवढाच बाहेर राहतो. तुमचा घोडा बाहेरच्या बाजूलाच चुकतोय, म्हणून माझा पहिला संशय तिथे आहे.

मेणबत्तीची काजळी निपलच्या डोक्यावर धरा. चाप दाबून घोडा अंगठ्याने धरत सावकाश खाली आणा. वाटीत काळी खूण कुठे उमटते त्याचा फोटो टाका. नुसत्या निपलवर घोडा सोडू नका. दोघांची तोंडं खराब होतात.

प्रतिसाद – रानवाटा

वाटीचा आतला काठ छोट्या ग्राइंडरने मोठा करून टाका. दहा मिनिटांचं काम. मी केलंय.

प्रतिसाद – ऐरण

रानवाटा, केसभर चूक असेल तर ठीक. दीड मिलीमीटरसाठी नको. केप फुटला की त्याचे तुकडे आत कोंडून ठेवणं हेच त्या वाटीचं काम. भिंत पातळ केली तर यांच्या चष्म्यावर जे आलं तेच पुन्हा येईल. आणि घाव तरीही मध्यावर पडणार नाही.

प्रतिसाद – मूळ प्रश्नकर्ता

ऐरण, तुमचा संशय खरा निघाला. घोडा चढवून हलवला, अजिबात हलत नाही. पण पट्टीच्या पुढच्या टोकाशी नख फिरवलं तर ते अडतं, जवळजवळ अर्धा मिलीमीटर.

पट्टीच्या मागच्या अंगाला काजळी लावली, खाचेत दाबली आणि काढली. मुख्य स्प्रिंगच्या जागेजवळ लाकडावर दोन काळे डाग उमटले. लाकडाला जवसाचं तेल लावलं तेव्हा खाचेतही भरपूर लावलं होतं. त्याचा थर सुकून टणक झाला होता. तो धारदार पटाशीने खरवडला, पुन्हा काजळी, पुन्हा खरवड. पाचव्या खेपेला पट्टी लाकडाला सपाट लागली.

आता काजळीची खूण अर्धा मिलीमीटर आत सरकली आहे. पण मध्याला अजून मिलीमीटरभर कमी पडतंय. लॉकचे बोल्ट आणखी आवळून हे निघेल का?

प्रतिसाद – ऐरण

बोल्ट आवळू नका. पट्टीवर ताण आला की आतले भाग लाकडाला घासतात, घोडा जड पडतो आणि केप न उडण्याचं नवंच कारण तयार होतं.

उरलेला मिलीमीटर आता खरंच घोड्याच्या मानेतला आहे. तो तापवूनच काढा, आणि घोडा लॉकवरून पूर्ण उतरवून. लॉकवर असताना ज्योत लावली तर स्प्रिंगचं पाणी उतरेल आणि टम्बलरही मऊ पडेल. चौकोनी भोकात मापाचा पोलादी तुकडा घट्ट बसवा म्हणजे भोक वाकडं होणार नाही. तो भाग तांब्याच्या पट्ट्यांमध्ये व्हाइसमध्ये धरा. ज्योत फक्त मानेवर. रंग सावलीत बघा, उन्हात लाल दिसतच नाही. नारिंगीकडे झुकणारा लाल आला की वाटीत मापाचा जाड गज घालून किंचित ढकला. हातोडी नको. लाली गेली की थांबा, हवं तर पुन्हा तापवा. शेवटी हवेतच गार होऊ द्या, पाण्यात बुडवू नका. घोड्यावरचा निळा-करडा रंग जाईल, तो गेलाच समजा.

बाजूने वाकवताना वाटीचं तोंडही कलतं, तेही बघा. ते निपलवर सपाट बसायला हवं.

प्रतिसाद – काजूबाग

आमच्याकडेही परवान्याची ठासणीची बंदूक आहे, राजापूर तालुक्यात. घोडा असाच तिरका. गावातल्या लोहाराकडून हे करून घेतलं तर चालेल का?

प्रतिसाद – ऐरण

काजूबाग, नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे आपल्याकडे बंदूक दुरुस्तीच्या धंद्याला वेगळा परवाना लागतो. परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच न्या, सोबत तुमचा परवाना ठेवा. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात अशा काळ्या दारूच्या बंदुकांना बरीच सूट आहे, म्हणून यांना घरी करता येतंय. आणि जुन्या बंदुकीत घोड्याआधी नळी तपासून घ्या. निपलच्या बुडाशी गंज असेल तर घोडा सरळ करून काही उपयोग नाही.

प्रतिसाद – मूळ प्रश्नकर्ता

शनिवारी केलं. शेजारच्या एका वेल्डरने टॉर्च धरला, मी गज. तीनदा तापवावं लागलं. पहिल्यांदा घाबरून काहीच ढकललं नाही, दुसऱ्यांदा थोडं जास्त गेलं, तिसऱ्यांदा परत आणलं. तोंड पुढे थोडं कललं होतं, तेही त्याच खेपेत सरळ केलं.

आता वाटीत काजळीचं वर्तुळ मधोमध उमटतं, सगळीकडे सारख्या अंतरावर. चेपलेलं निपल काढून नवं लावलं. घेताना आटे मोजून घेतले, कारण इथे काहींना पाव इंची आणि काहींना ६ मिलीमीटरचे असतात, आणि चुकीचं निपल दोन वेढे बसतं नि मग आटे खातं.

आज दारू न भरता नुसते वीस केप उडवून पाहिले. वीसही पहिल्या फटक्याला उडाले, तुकडे वाटीतच राहिले. पुढच्या रविवारी दारू भरून लक्ष्यावर.

ऐरण, मनापासून आभार. आधी पट्टी तपासायला तुम्ही सांगितलं नसतं तर मी दीड मिलीमीटर घोड्यातूनच काढला असता.