पित्ताशयाचं एकच चित्र डॉक्टर, पेशंट आणि वकील तिघांना चालेल का?

कुंचला_पुणे:
नमस्कार मंडळी. अप्लाइड आर्ट केलंय, जाहिरातीत होते, आता मेडिकल इलस्ट्रेशनकडे वळतेय. एका सर्जनच्या पेपरसाठी दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचं चित्र केलं, त्यांना आवडलं. आता म्हणतात, तेच ओपीडीतल्या पत्रकात टाक. शिवाय त्यांच्या ओळखीच्या वकिलांना ग्राहक आयोगातल्या एका केससाठी 'असंच काहीतरी' हवंय; पित्तनळी कापली गेल्याची तक्रार आहे. रंग बदलून भागेल का? वेगळी काढायची तर पैसे वेगळे मागावे लागतील, आणि त्याला कारण द्यावं लागेल!

ओटी_नंबर_४:
सर्जन म्हणून सांगतो, पेपरातल्या चित्रात मी एकच बघतो: कॅलोचा त्रिकोण, म्हणजे पित्ताशयाची नळी, यकृताची नळी आणि यकृताची कड यांच्यामधली जागा, साफ केलाय का, आणि पित्ताशयात शिरणारी एक नळी नि एक धमनी, दोनच गोष्टी सुट्या दिसतायत का. त्याशिवाय क्लिप लावायची नसते. पेशंटला त्यातलं काय कळणार?

शाईवाले_काका:
तिन्ही वेगळी. बिलंही वेगळी.

सर्जनच्या चित्रात गाळण्याचंच कसब असतं. फोटो असताना चित्र कशाला म्हणणाऱ्याला सांगा, फोटोत चरबी, रक्त, चकाकी सगळ्याला सारखाच भाव. आणि आधी स्वतःला समजल्याशिवाय काढू नका. माक्स ब्रोडेल १८९४ मध्ये लाइपझिगहून बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये आला. मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या त्यानं इतक्या खोलात जाऊन अभ्यासल्या, की कमीत कमी रक्तस्राव होईल अशी छेद घ्यायची जागा सापडली. सर्जन तिला अजून ब्रोडेलची रेषा म्हणतात. चित्रकाराच्या नावाची!

पेशंटला यकृत उचलून खालून बघायची हौस नसते. त्याला आपलं पोट समोरून हवं: भोकं कुठे पाडणार, खडे कुठे आहेत, आणि पिशवी काढल्यावर पित्त जाणार कुठे? हे शेवटचं हमखास विचारतात. म्हणून यकृतापासून लहान आतड्यापर्यंत हिरवी वाट कुठेही न तुटता दाखवा. रक्त अजिबात नको. दुसरं म्हणजे, समोरून काढलेल्या चित्रात यकृत कागदाच्या डावीकडे येतं, आणि पेशंट आरशात बघितल्यासारखा स्वतःच्या डाव्या बरगडीखाली हात ठेवतो. मी आकृतीचा उजवा हात दुखऱ्या जागी टेकवतो आणि शेजारी 'तुमची उजवी बाजू' असं ठळक लिहितो. अ, ब, क करून खाली यादी देऊ नका. हेन्री वॅनडाइक कार्टरनं १८५८ च्या ग्रेज ॲनाटमी या शरीररचनेच्या पुस्तकातल्या चित्रांत नावं थेट अवयवांवर लिहिली, म्हणून ती चित्रं वाचता येतात. हा कार्टर त्याच वर्षी मुंबईत आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवलं, साताऱ्यालाही सिव्हिल सर्जन होता. आपल्याकडे त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही, असो.

कोर्टाचं काम सगळ्यात किचकट. तिथे 'एक पित्ताशय' चालत नाही, त्या माणसाचंच लागतं. एमआरसीपीच्या (पित्तनळ्यांच्या एमआरआयच्या) फिल्म आणि नंतरच्या दुरुस्तीच्या ऑपरेशनची नोट मागून घ्या. नळी कुठे कापली गेली हाच वाद असतो: यकृतातून येणाऱ्या दोन नळ्या जुळतात तिथून २ सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतरावर की कमी, यावर इजेचा प्रकार बदलतो. तुमची रेघ अर्धा सेंटिमीटर सरकली की केस सरकली. शेजारी सर्वसाधारण रचना काढा, पण त्याच कोनातून, त्याच मापात, त्याच रंगात. कोपऱ्यात तपासणीची तारीख. नोटमध्ये नाही ते चित्रात नाही.

वकिली_डगला:
काकांना अनुमोदन. ग्राहक आयोगात बहुतेक पुरावा शपथपत्रावर चालतो. चित्र तज्ज्ञ डॉक्टरच्या शपथपत्राला जोडा, नुसतं दाखल केलं तर हवेत राहतं. समोरच्या वकिलाचा पहिला प्रश्न ठरलेला: हे कशावरून काढलं?

कुंचला_पुणे:
बाप रे, धन्यवाद! पण वकीलसाहेबांचा आत्ताच मेसेज आलाय, 'जरा लाल जास्त मारा, आयोगाला गांभीर्य कळू दे.' ते तक्रारदाराच्या बाजूनं आहेत. काय सांगू?

शाईवाले_काका:
सांगा, नोटमध्ये रक्तस्राव किती लिहिलाय ते दाखवा, तेवढा काढते. बहुधा पुढे मेसेज येणार नाही. आलाच तर कोटेशनमध्ये दोन ओळी घाला: तज्ज्ञानं तपासून सही केल्यावरच अंतिम फाइल मिळेल, आणि नंतर चित्रात बदल झाल्यास माझं नाव काढावं. निम्मे पैसे आगाऊ घ्या. वकिलांकडून पूर्ण घेतलेत तरी चालेल.

वकिली_डगला:
निषेध! (पण घ्या.)