नागिणीची लस, पन्नाशीनंतर: घ्यायची ठरलं, पुढे काय?

इथे दवाखान्यात, औषधाच्या दुकानात, लसीकरणाच्या कामात असलेली बरीच मंडळी आहेत. घ्यावी की नाही हा वाद नको. घ्यायची ठरल्यावर काय बघायचं, कुठे चुकतं, ते लिहा. दुखण्याच्या कहाण्या नकोत, तपशील हवेत.

फिजिशियन, पुणे

भारतात २०२३ पासून मिळते ती शिंग्रिक्स. हिच्यात जिवंत विषाणू नाही. विषाणूच्या आवरणावरचं एक प्रथिन, ग्लायकोप्रोटीन ई, ५० मायक्रोग्रॅम असतं आणि सोबत प्रतिकारशक्तीला डिवचणारा एएस०१बी हा घटक. दंड ठणकतो, कणकण येते ती बहुतांशी या घटकामुळे. पण सत्तरीतल्या शरीरातही लस नेटाने काम करते तीही त्याच्यामुळेच. पन्नाशीपुढच्यांच्या मोठ्या चाचणीत नागीण टळण्याचं प्रमाण ९७ टक्के होतं, सत्तरीपुढे ९० च्या आसपास. जुनी जिवंत लस झोस्टाव्हॅक्स ५१ टक्क्यांवर होती. अमेरिकेत ती २०२० मध्ये बंद झाली.

डोस दोन, अर्धा-अर्धा मिली, दंडाच्या स्नायूत. मधलं अंतर दोन ते सहा महिने. "कांजिण्या आल्याचं आठवत नाही" म्हणून कुणी परत जाऊ नये. कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत वर्षानुवर्षं दबून बसतो आणि पुढे नागीण म्हणून उठतो. कांजिण्या सौम्य येऊन गेल्या असतील तर घरात कुणाच्या लक्षातही नसतं. पन्नाशीनंतर त्यासाठी रक्त तपासत बसायची गरज नाही.

मधुमेह, रक्तदाब, बायपास यांपैकी काहीही आड येत नाही. थांबायचं ते अंगात ताप असताना, नागीण चालू असताना. आधीच्या डोसाची किंवा लसीतल्या घटकाची तीव्र ॲलर्जी असेल तर द्यायचीच नाही.

औषध दुकानदार, नाशिक

एका डोसची किंमत दहा हजारांच्या आसपास धरून चाला, म्हणजे दोन्हींचा खर्च वीस हजारांच्या घरात. बहुतेक दुकानांत ती पडून नसते, मागवावी लागते. मागवतानाच दुसऱ्या डोसची तारीख दुकानदाराला सांगून ठेवा. सरकारी मोफत लसीकरणात ही नाही, आणि दवाखान्यात भरती झाल्यावर चालणाऱ्या साध्या विम्यातूनही पैसे मिळायची आशा धरू नका.

लस २ ते ८ अंशांत ठेवायची. उन्हाची काळजी सगळे घेतात, गोठण्याची कुणी घेत नाही. बर्फाच्या पिशवीला खोका थेट चिकटवून नेला की लस गोठू शकते, आणि गोठलेली लस फेकूनच द्यावी लागते. पुन्हा वितळली की ती बघून ओळखता येईलच असं नाही. मधे कापडाची घडी किंवा पुठ्ठा घाला. घरच्या फ्रिजच्या दारात आठवडाभर ठेवून मग डॉक्टरांकडे नेणं तर नकोच. जिथे टोचणार तिथेच साठवलेली मिळत असेल तर चार पैसे जास्त देऊन तिथेच घ्या, असं मी स्वतः दुकानदार असून सांगतो. बिलावर बॅच नंबर आणि मुदत लिहून घ्या.

लसीकरणाची सिस्टर, ठाणे

खोक्यात दोन बाटल्या असतात, एकीत पूड आणि दुसरीत द्रव. द्रव सगळा ओढून पुडीत सोडायचा, हलके फिरवायचं, पूड पूर्ण विरघळली की अर्धा मिली भरायचा. नवख्या हातून होणारी चूक म्हणजे नुसता द्रव टोचणं. त्यात डिवचणारा घटक आहे, पण प्रथिन नाही. तो डोस धरला जात नाही. म्हणून पेशंटनेही बघावं की आपल्यासमोर दोन बाटल्या उघडल्या का. मिसळलेली लस लगेच द्यायची, अगदीच अडलं तर फ्रिजमध्ये सहा तासांपर्यंत.

सुई साधारण २५ मिमी, भरलेल्या दंडाला ३८. आखूड सुईने लस चरबीतच राहिली तर लाली आणि सूज जास्त येते. बायकांनी घट्ट बाहीचा ब्लाउज घालून येऊ नये. बाही वर सरकत नाही, मग सुई खाली भलतीकडे जाते. जागा खांद्याच्या हाडाखाली दोन-तीन बोटं. काठी ज्या हातात धरता त्याच्या दुसऱ्या दंडात घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा: बारीक सुई वापरतो आणि दोन मिनिटं दाबून धरतो, चोळत नाही. नंतर पंधरा मिनिटं बसून राहायचं.

दंड दुखणार, हे गृहीतच धरा. अंगदुखी, थकवा, डोकेदुखी, थोडी थंडी-ताप हेही बऱ्याच जणांना होतं आणि दोन-तीन दिवसांत ओसरतं. पॅरासिटामॉल त्रास झाल्यावर, आधीपासून नको. दुसऱ्या दिवशी लग्न किंवा रात्रीचा प्रवास असेल तर तारीख पुढे घ्या. पावसाळ्यात ताप तीन दिवसांपुढे गेला तर लसीवर खापर फोडू नका, डेंग्यू-मलेरिया तपासा.

त्वचारोगतज्ज्ञ, कोल्हापूर

नागिणीची दोन टोकं जुळली की माणूस दगावतो, हे अजून रोज ऐकू येतं. ती एका बाजूच्या एका मज्जातंतूच्या पट्ट्यात उठते, त्यामुळे सहसा मध्यरेषाच ओलांडत नाही. या भीतीपोटी लोक गेरू लावून, मंत्र टाकून चार दिवस घालवतात आणि खरी वेळ तिथे जाते. विषाणूवरची गोळी पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू झाली पाहिजे. कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड असतील तर त्याच दिवशी डोळ्याचे डॉक्टर.

लस हा चालू नागिणीवरचा उपाय नाही, फोड गेल्यावर मागे राहिलेल्या आगीवरचाही नाही. एकदा नागीण होऊन गेली असली तरी पुढच्यासाठी घ्यावी. किती थांबायचं याबाबत देशोदेशी वेगळं सांगतात: अमेरिकेत पुरळ बरं झालं की पुरे, ऑस्ट्रेलियात वर्षभर. मी साधारण सहा महिने ते वर्ष सांगतो.

संधिवाताचे डॉक्टर, मुंबई

स्टेरॉइड, मेथोट्रेक्सेट, जॅक इन्हिबिटर, केमो अशी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असणाऱ्यांना पन्नाशीची वाट बघायची नाही, १८ पासून देता येते. लस जिवंत नाही, म्हणून औषधं चालू असताना चालते. इथे दुसरा डोस एक ते दोन महिन्यांतही देतात. रिटुक्सिमॅब हे तसलंच औषध सुरू होणार असेल तर लस आधी उरकून घ्या, शक्यतो चार आठवडे आधी. नंतर दिली तर शरीर पुरेसा प्रतिसाद देत नाही.

फार्मासिस्ट, लंडन

मुलांकडे येणाऱ्या आई-बाबांसाठी. इकडे एनएचएसमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेत, निरोगी माणसाला दोन डोसांत सहा ते बारा महिने ठेवतात, इकडचा कागद बघून गोंधळू नका. लस तीच आहे. भारतातला पहिला डोस इथे धरला जातो, फक्त तारीख आणि बॅच नंबरचा कागद आणा. पण पाहुण्याला ती फुकट मिळेल असं समजू नका.

फिजिशियन, पुणे

दुसरा डोस सहा महिन्यांपुढे गेला तर पहिल्यापासून सुरुवात नाही, जमेल तेव्हा उरलेला घ्या. चार आठवड्यांच्या आत चुकून दिला गेला तर मात्र तो धरत नाहीत, पुन्हा द्यावा लागतो. "पहिल्यानेच काम झालं" म्हणून थांबणारे फार. वर सांगितलेले ९७ आणि ९० टक्के दोन डोसांचे आहेत.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या "लसीने स्मृतिभ्रंश टळतो" याबद्दल: वेल्समधला अभ्यास खरा आहे, २०२५ चा, आणि लस घेतलेल्यांत निदान सुमारे एक पंचमांश कमी दिसलं. पण ती लस झोस्टाव्हॅक्स होती. नागिणीसाठी घ्या, बाकी मिळालं तर वरकड.

सिस्टर, ठाणे

फ्लू आणि न्यूमोनियाची लस त्याच दिवशी चालते, वेगवेगळ्या दंडांत. मात्र दोन्ही दंड दुखले तर रात्री कुशीवर झोपता येत नाही, म्हणून घाई नसेल तर मी पंधरा दिवसांचं अंतर सुचवते.