अनुभव धागा: बाळ काचेच्या पेटीत, आई बाहेर. काय काय करता येतं?

मेथीजुडी
शेजारच्या धाग्यावर "बाळ काचेत, मी नुसती बाकावर" हे वाचलं आणि जुनं सगळं वर आलं. रडगाणं नको, आईच्या हाताला तेव्हा काय काम असतं ते लिहा. माझ्याकडून: पहिल्याच दिवशी सिस्टरना विचारा, हात कधी लावू देणार? कुरवाळायचं नाही हं. फार लवकर जन्मलेल्या बाळाला फिरणारी बोटं सोसत नाहीत. कोमट तळहात, एक डोक्यावर, दुसरा तळपायांवर, नुसता स्थिर. बोटं फाकली, उचक्या लागल्या, अंगाचा रंग पालटला की पुरे. तेव्हाही झटकन नाही, एकेक हात हळूच काढायचा.

रात्रपाळी
त्याआधी अंगठी, घड्याळ, बांगड्या उतरवून कोपरापर्यंत साबण. हिरवा चुडा आड येतो, सासूबाईंना आधीच सांगून ठेवा 😄
आता दूध. जमलं तर पहिल्या तासातच, नाहीतर सहा तासांच्या आत पिळायला लागा. बाळ ओढत नाहीये म्हणून थांबलात तर पुढे जड जातं. चीक थेंबथेंबच येतो, तो हातानेच वाटीत काढा, पंपाच्या भागांनाच चिकटून वाया जातो. अंगठा वर, बोटं खाली, स्तनाग्राभोवतीच्या काळ्या भागाच्या जरा मागे. आधी छातीकडे दाब, मग चिमटीत दाब, मग सैल. बोटं कातडीवर घसरवू नका, सोलवटतं. २४ तासांत ८ ते १० वेळा, त्यात एकदा तरी रात्री. तीच पाळी सगळ्या चुकवतात आणि मग "दूध आटलं".

अळीवलाडू
अळीव डिंक खाऊन वाढत नाही?? आमच्याकडे डबाभर आलेत

रात्रपाळी
खा की, भूक तर लागतेच. दूध मात्र जेवढं बाहेर निघेल तेवढंच पुन्हा बनतं.

देवगडहून
कांगारू केअर राहिलं, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून धरणं. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटात पेट्या पुरेनात म्हणून सुरू झालेली युक्ती. पूर्वी "बाळ स्थिरावलं की मग" म्हणायचे. आता जागतिक आरोग्य संघटना म्हणते (२०२२) की बाळ अत्यवस्थ नसेल तर जन्मल्यापासूनच, दिवसाला ८ ते २४ तास. बाळ उभं, दोन्ही स्तनांच्या मध्ये, पाय बेडकासारखे, मान एका कुशीला आणि किंचित वर. हनुवटी छातीवर टेकली की श्वास अडतो, सगळ्यात जास्त चूक इथेच होते. अंगावर टोपी, मोजे, लंगोट एवढंच. एका वेळी निदान तासभर, कारण उचलठेव करण्यातच बाळ दमतं. सिझर असेल तर उशा लावून रेलून बसा. अत्तर, पावडर, तेल नको. बाबा, आजीही करू शकतात.

निमूटराव
बाबांच्या छातीवरचे केस टोचत नाहीत का 🙈

देवगडहून
नाही हो. शर्ट काढा आणि बसा.

पाटावरवंटा
नळीने दूध चालू असतानाही बाळाला छातीशी धरू द्या म्हणावं, आधी पिळून रिकाम्या केलेल्या. चोखायची सवय लागते. ओढणं, गिळणं, श्वास यांचा मेळ साधारण ३४ आठवड्यांना बसतो, तोवर आधी नळीने, मग बोंडल्याने. बाटली नको.

मेथीजुडी
बोंडलं! आमचं चांदीचं कपाटात पडलंय, आता शोधते

रात्रपाळी
चांदीचं राहू दे, रोज उकळता येईल असं स्टीलचं बरं.

सायनकर
दूध कमी पडलं तर पावडरच्या दुधाचा डबा आणायच्या आधी मिल्क बँक विचारा. मुंबईच्या सायन हॉस्पिटलातली १९८९ ची, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केलेली, आशियातली पहिली. दान आलेलं दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं ठेवतात. जंतू मरतात, सोबत थोडे चांगले घटकही जातात, म्हणून आईचं स्वतःचं असेल ते आधी.

अळीवलाडू
बारसं कधी करतात मग? पेटीवर "बेबी ऑफ अमुक" एवढंच लिहिलेलं असतं ना

मेथीजुडी
घरी आल्यावर करा, कोण विचारतंय. नाव मात्र आत्तापासून हाक मारायला वापरा, हळू आवाजात.

पाटावरवंटा
घरी सोडताना डोळ्यांची तपासणी विचारायला विसरू नका. ३४ आठवड्यांच्या आत जन्म किंवा वजन २ किलोपेक्षा कमी असेल तर ३० दिवसांच्या आत पडद्याची तपासणी हवीच. "सव्वा महिना बाहेर काढायचं नाही" म्हणणाऱ्यांना सांगा, तोवर तारीख उलटून जाते.

निमूटराव
कांगारू केअरसाठी गाऊन पुढून उघडणारा घ्यायचा, पण चेनचा की बटणांचा?

देवगडहून
बटणांचा. चेन बाळाच्या गालाला लागते.